मधे थांबलं तरी चालतं

दिवाळीला आत्याकडे वेल्ह्याला गेले होते. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण एसटीत लोक तिकीट मागतात ते वेल्ह्याचंच. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावात काकडा असतो. पहाटे पाचला पखवाजानं झोप मोडली, तशी शाल गुंडाळून देवळात जाऊन बसले. परत आल्यावर चुलीपुढे आत्याला गाठलं. तिचं माहेर भोरचं, सासर हे. आयुष्यभर पुण्यात नर्सची नोकरी केली, निवृत्त झाल्यावर गावी परतली आणि आता बायकांचं भजनी मंडळ चालवते.

मी: आत्या, भातकाढणी तोंडावर, बाहेर एवढा गारठा, आणि तुम्ही रोज पाचला उठून गाता. देवाला सात वाजता चाललं नसतं का?

आत्या: देवाला चाललं असतं गं, आम्हाला नसतं. सातला पोरांची कंपनीची गाडी येते. धारा असतात, डबे असतात. पाचलाच काय ते सगळे मोकळे.

मी: मला तर मधे बसायची लाज वाटली. गाता येत नाही मला.

आत्या: तुला कुणी गायला सांगितलंय? ध्रुपद धरायचं. पुढचा अभंगाचं एक चरण म्हणतो, मागचे सगळे ध्रुपद उचलतात. परत पुढचा पुढचं चरण घेतो. म्हणजे मागच्यांनी एकच ओळ वीस वेळा म्हणायची. वीस वेळा म्हटल्यावर दगडालासुद्धा चाल येते. आणि चुकलीस तरी पंचवीस टाळांत ऐकतंय कोण?

मी: मग त्यात माझं गाणं कुठं राहिलं?

आत्या: नाहीच राहत. तीच तर मजा आहे. एकटी गाणारी श्वासासाठी थांबली की गाणं थांबतं. घोळक्यात तू थांबलीस तरी गाणं चालू राहतं. तू श्वास घेतेस तेव्हा शेजारची म्हणत असते, ती थांबते तेव्हा तू. नीट बघ उद्या, ठरवून कुणी करत नाही हे, आपोआप होतं. आमच्यात पंचाहत्तरीच्या आजी आहेत, त्यांना अर्धी ओळसुद्धा एका दमात जात नाही. पण त्या गातात.

मी: दमा बरा होतो वगैरे म्हणतात, ते खरं?

आत्या: असं सांगणारा भेटला तर त्याला माझ्याकडे पाठव. दम्याला पंप आहे, तोच घ्यायचा. पण श्वासाचं काहीतरी होतं, ते मात्र खरं. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला बारा ते वीस वेळा चालतो, आम्ही वॉर्डात तेच मोजायचो. आता अभंगाचं माप बघ. मोठ्या अभंगात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चार अक्षरांचा चौथा. संथ चालीत म्हटलं की श्वास हळूच सोडावा लागतो, आणि घ्यायला जागा मिळते ती चरणाच्या शेवटीच. इटलीतल्या डॉक्टरांनी 2001 साली हेच मोजलं होतं. तिकडची जपमाळेची प्रार्थना आणि आपल्याकडचा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला साधारण सहावर आला. दोन धर्म, दोन भाषा, माप एकच.

मी: आणि सगळ्यांचा एकदम?

आत्या: चाल एक म्हटल्यावर श्वासाच्या जागाही एकच. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला 2013 मध्ये अठरा वर्षांच्या पोरांना एकत्र गायला लावून त्यांचे ठोके मोजले. श्वास सोडताना हृदयाचा वेग थोडा उतरतो, घेताना चढतो. सगळे एकाच जागी श्वास घेणार, म्हणजे ठोक्यांचा चढउतारही बरोबरीनं व्हायला लागला. लगेच आभाळाला हात लावू नकोस, थोडक्याच पोरांवरचा प्रयोग होता तो. पण काकडा संपल्यावर एवढ्या गारठ्यातही अंगाला जी ऊब येते, ती काही नुसती चहाची नसते.

(चहा उतू गेला तो याच वाक्याला. फडकं सापडेपर्यंत गप्पा थांबल्या.)

मी: एकटेपणावर म्हणे याचा फार उपयोग होतो.

आत्या: ऑक्सफर्डच्या लोकांनी त्यावर सात महिने काम केलं. काही जणांना गाण्याच्या वर्गात बसवलं, काहींना हस्तकलेच्या, काहींना लेखनाच्या. शेवटी सगळ्याच वर्गांतली माणसं एकमेकांच्या जवळ आली, पण गाणारी लवकर आली. ओळख व्हायच्या आधीच जवळीक. मला ते वाचून आमच्या मंडळातल्या नव्या सुना आठवल्या. घाटाखालून आलेली पोरगी, बोली वेगळी, सहा महिने कुणाशी धड बोलत नाही. पण दुसऱ्या एकादशीला तिच्या हातात टाळ असतात.

मी: पूर्वीपासून होतं का बायकांचं मंडळ?

आत्या: कुठलं! माझ्या आजीच्या वेळी बायकांचं गाणं जात्यावर. दोघी समोरासमोर, एक ओवी म्हणणार, दुसरी तीच परत उचलणार. बघ, तिथंही एकीनं श्वास घेतला की दुसरी होतीच. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी अशा एक लाखाच्या वर ओव्या जमवल्यात. पिठाची गिरणी आली, पाठीचे हाल थांबले, चांगलंच झालं. पण दळणाबरोबर ते दोघींचं बसणंही गेलं. म्हणून मंडळ काढलं. तेही भांडून काढलं, सांगून ठेवते. सप्ताहात वीणा बायकांच्या हाती द्यायला आमच्या गावात बरीच वर्षं खळखळ होती.

मी: वीणा म्हणजे तो पहारा?

आत्या: हो. सात दिवस, सात रात्री वीणा खाली टेकवायची नाही. दोन-दोन तासांनी खांदा बदलायचा. हिशेब कर.

मी: बारा... चौऱ्याऐंशी पहारे.

आत्या: आणि रोज गावात राहणारी धडधाकट माणसं किती? वेल्ह्याच्या आतल्या वाड्यांवर जा, घरटी म्हातारा-म्हातारी. पुण्या-मुंबईची पोरं रजा टाकून येतात, शेजारच्या वाडीची माणसं आपला पहारा सांभाळून आमचाही करतात. दिवसाचे पहारे भरतात. अडतं ते रात्रीचं.

एवढं बोलून तिनं फडताळातून शाळकरी वही काढली. फाल्गुनातल्या सप्ताहाची यादी होती. तिसरी रात्र, दोन ते चार, त्यापुढे पेन्सिलीनं माझं नाव.

मी: अगं, मला विचारलंस तरी का?

आत्या: पेन्सिलीनं लिहिलंय ना.