गुडघ्याची झीज आणि ‘ग्रोथ फॅक्टर’

गेल्या आठवड्यात एरंडोलजवळच्या खेड्यातले एक आबा मुलाला घेऊन दवाखान्यात आले. वय पासष्ट, सारा जन्म कपाशीच्या शेतात गेलेला. मुलाच्या हातात शहरातले एक पत्रक होते. ‘ग्रोथ फॅक्टरच्या इंजेक्शनाने गुडघ्यात नवी कूर्चा तयार होते,’ असे त्यात छापलेले. आबांनी मला विचारले, “डॉक्टरसाहेब, म्हैस विकू का?”

असा प्रश्न पुष्कळांच्या मनात असेल, म्हणून आज त्याविषयी.

आपल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात : वाढा, दुरुस्ती करा, थांबा. असे निरोप नेणारी प्रथिने म्हणजे ग्रोथ फॅक्टर. या शोधाबद्दल रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

निरोगी सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. ‘टीजीएफ-बीटा’ हा घटक तिची डागडुजी चालू ठेवतो. पण झिजलेल्या सांध्यात तोच घटक प्रमाणाबाहेर वाढला की हाडाला काटे फुटतात आणि सांध्याचे अस्तर जाड होते. ‘व्हीईजीएफ’ नव्या रक्तवाहिन्या फुटवतो. जखम भरताना हे उपयोगी. पण आमवातात त्यामुळे सुजलेले अस्तर पोसले जाते आणि कूर्चा कुरतडते. तिसरा ‘एनजीएफ’. तो नसांची टोके हळवी करतो, म्हणून सांधा जास्त दुखतो. एनजीएफला अडवणाऱ्या औषधाने वेदना कमी झाल्या, पण काही रुग्णांचे सांधे झपाट्याने झिजले. शेवटी २०२१ मध्ये कंपनीने ते काम थांबवले.

थोडक्यात, हे घटक पिकाच्या पाण्यासारखे आहेत. वेळेवर आणि बेताने दिले तर पीक येते, नाहीतर मुळे कुजतात.

पत्रकातले इंजेक्शन ‘पीआरपी’चे होते. यात रुग्णाचेच रक्त यंत्रात फिरवून बिंबाणूंचा भाग सांध्यात टोचतात. बिंबाणूंत ग्रोथ फॅक्टर असतात हे खरे. पण ऑस्ट्रेलियात २८८ गुडघेरुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी टोचले. वर्षभराने वेदनेत वा कूर्चेत दोघांत लक्षणीय फरक दिसला नाही. काही अभ्यासांत वेदना कमी झाल्याचे आढळले आहे. पण नवी कूर्चा उगवते याचा भक्कम पुरावा नाही.

मग करावे काय?

१) खुर्चीवर बसून पाय सरळ उचलावा, दहापर्यंत मोजून खाली ठेवावा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ.

२) वजन जास्त असेल तर उतरवावे. एक किलो उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो.

३) काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. उकिडवे बसणे टाळावे.

४) वेदनाशामक गोळ्या मनाने रोज घेऊ नयेत, जठर व मूत्रपिंडाला अपाय होतो.

सकाळी बोटे अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडत असतील व सुजत असतील तर तो आमवात असू शकतो. त्यावर वेगळी औषधे आहेत आणि ती लवकर सुरू करावी लागतात. सांधा गरम, लाल होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आबांना मी म्हटले, “म्हैस गोठ्यातच राहू द्या. सहा आठवडे व्यायाम करा, मग या.” मुलाने पत्रक घडी करून खिशात ठेवले आणि पाय कसा उचलायचा ते पुन्हा एकदा करून दाखवायला सांगितले.