तसबीर उलटी करून पाहा

वास्तववादी चित्रांचा संग्रह म्हटला की लोकांना मुंबईतले लिलाव आणि कोटींचे आकडे आठवतात. नगरमध्ये हा छंद वेगळ्या वाटेने चालतो. इथे माल निघतो तो देवघरातून, बंद पडलेल्या दुकानांतून, पाडायला काढलेल्या वाड्यांतून. शाळेत चित्रकला शिकवता शिकवता मला या तसबिरींचा नाद लागला. त्यातून जे कळलं ते नव्याने या वाटेवर येणाऱ्यांसाठी मांडतो.

१. छापील चित्राला कमी लेखू नका.
राजा रवि वर्मा यांची दहा चित्रं १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात गेली आणि तिथे गौरवली गेली. लगेच पुढच्या वर्षी त्यांनी मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला. हेतू असा की, राजवाड्यातलं चित्र सामान्यांच्या भिंतीवर यावं. अमेरिकेत हेच काम न्यूयॉर्कच्या ‘करिअर अँड आइव्ह्ज’ या पेढीने आधीपासून चालवलं होतं. शेत, बर्फ, आगगाडी, घरगुती प्रसंग यांची शिळाछाप चित्रं हाताने रंगवून ती स्वस्तात विकली जात. आज तिथले संग्राहक तीच चित्रं शोधत फिरतात. जे सामान्य माणसासाठी छापलं गेलं, ते सामान्य माणसाने जमवण्यात कमीपणा कसला?

२. चित्राआधी समास वाचा.
रवि वर्मा प्रेसच्या चित्राखाली बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव आणि पत्ता असतो. घाटकोपरचा पत्ता असेल तर छाप आधीचा. कार्ला-लोणावळा किंवा मळवली असेल तर नंतरचा. पुढे हा छापखाना फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला आणि रवि वर्मांच्या निधनानंतरही, म्हणजे १९०६ नंतरही, छपाई चालू राहिली. म्हणून नुसतं ‘रवि वर्मा’ हे नाव दिसलं की हुरळून जाऊ नये. फ्रेमवाले चित्र चौकटीत बसवायला नेमका हाच समास कापतात. समास शाबूत असलेली थोडी फाटकी लक्ष्मी मी कापलेल्या कोऱ्या लक्ष्मीपेक्षा वरची मानतो.

३. नाव ऐकू नका, सही पाहा.
हातात दिवा घेऊन उभी असलेली तरुणी पुष्कळांच्या घरी आहे, आणि दहापैकी नऊजण ती रवि वर्मांची म्हणून सांगतात. ते जलरंगचित्र सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. चित्रकार धुरंधरांच्या चित्रांचंही असंच होतं. विकणारा मुद्दाम फसवतो असं नाही. त्याला एकच नाव ठाऊक असतं.

४. खिशात भिंग ठेवा.
घड्याळजी वापरतो तसलं भिंग पुरतं. जुन्या शिळाछापात प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, त्यामुळे भिंगाखाली वेडेवाकडे, लहानमोठे ठिपके दिसतात. ऑफसेटवर छापलेल्या नकलेत ठिपके कवायतीला उभे केल्यासारखे रांगेत असतात. कागद चहाच्या पाण्यात बुडवून जुना करता येतो, ठिपके नाही.

५. जरी-टिकली खरवडू नका.
घरातल्या बायकांनी देवीच्या शालूवर खरी जरी, टिकल्या, मणी चिकटवलेली चित्रं मिळतात. काही संग्राहक ती ‘साफ’ करतात. तो छाप हजारो घरांत होता. त्यावरचं हे काम एकाच घरातलं आहे. ते तसंच राहू द्या.

६. मूळ चित्रं पाहून डोळा तयार करा.
आपल्या जिल्ह्यातच सुरुवात होते. शामराव जयकरांनी साईबाबांच्या हयातीत त्यांचं तैलचित्र रंगवलं. शिर्डीच्या समाधी मंदिरातली संगमरवरी मूर्ती बाळाजी वसंत तालीम यांची, १९५४ सालची. दर्शनाच्या रांगेत ही नावं किती जणांना आठवतात? नगर शहरात चित्रकार-शिल्पकार प्रमोद कांबळे यांचं काम पाहा. मग सवड काढून सातारा जिल्ह्यात औंधला जा. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी उभारलेल्या संग्रहालयात रवि वर्मा आणि धुरंधर मुळातून पाहता येतात. तैलरंगातली त्वचा पाहिल्यावर छापात काय उतरलं आणि काय हरवलं ते कळतं.

७. रद्दी चाळा.
अमेरिकेत नॉर्मन रॉकवेलने ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’साठी तीनशेहून अधिक मुखपृष्ठं रंगवली आणि आज ती जपून ठेवली जातात. आपल्याकडे चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ अंक सुरू केला. रघुवीर मुळगावकरांची चित्रं तर दिनदर्शिकांवरून घरोघर पोचली. हे जुने अंक आणि दिनदर्शिका आजही किलोच्या भावात जातात. कमी पैशात चांगला संग्रह करायचा तर याहून सोपी जागा मला माहीत नाही.

८. चौकटीवर खर्च करा.
जुन्या तसबिरीमागे लाकडी फळी असते. तिच्यातलं आम्ल कागदात उतरतं आणि तपकिरी डाग पडतात. फळी काढून आम्लरहित पुठ्ठा घालावा. काच आणि चित्र यांमध्ये माउंट हवा, नाहीतर दमटपणात वार्निशचा छाप काचेला चिकटतो. लॅमिनेशन कधीच नको, ओलं फडकंही नको. पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत टाळावी, आणि नगरच्या उन्हाची तिरीप पडते तिथे तर चित्र लावूच नये.

९. परदेशातल्या भाच्याला आधीच सांगा.
शंभर वर्षांहून जुनं कलाकाम देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या पुरावस्तू व कलाकोष कायद्याने खासगी व्यक्तींना मनाई आहे. रवि वर्मांची मूळ चित्रं तर राष्ट्रीय कलाकोषात मोडतात. प्रेमापोटी सामानात घातलेली तसबीर विमानतळावर अडकू शकते.

१०. वही ठेवा.
चित्र कोणत्या गावातून आलं, कोणत्या खोलीत होतं, कोणी आणि कशासाठी लावलं, हे विकणाऱ्याला त्याच वेळी विचारून लिहून ठेवा. कोणाचं नाव लिहायचं असेल तर त्याला विचारून. पुढच्या पिढीला चित्र दुसरीकडेही मिळेल, ही माहिती मिळणार नाही.

रवि वर्मांचा मळवलीचा छापखाना १९७२ मध्ये आगीत गेला. तिथला नवा छाप आता निघणार नाही. आहे ते आपल्याच भिंतींवर आणि माळ्यांवर. तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत एखादी काळवंडलेली तसबीर हाती आली, तर भंगारात देण्याआधी ती उलटी करा, काच पुसा आणि खालची बारीक ओळ वाचा. तुम्हाला नको असेल, तर ज्याला हवी आहे अशा कोणाला तरी द्या.