जावाच्या खेड्यात

(प्रस्तुत पाठात इंडोनेशिया देशातील जावा बेटावरच्या शेतकऱ्यांच्या जीवनाची माहिती दिली आहे. जमीन थोडी आणि माणसे फार, अशा ठिकाणी प्रत्येकाचा वाटा कसा ठरतो, हे पाठ वाचताना लक्षात घ्या.)

इंडोनेशिया हा हजारो बेटांचा देश आहे. तेथील बहुसंख्य लोक मुसलमान आहेत. या बेटांपैकी जावा हे बेट आकाराने आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान आहे. पण २०२० च्या जनगणनेनुसार तेथे १५ कोटींहून अधिक लोक राहतात. एवढी माणसे एवढ्याशा बेटावर पोट कशी भरतात, असा प्रश्न तुम्हांला नक्कीच पडेल.

याचे एक उत्तर जमिनीतच आहे. जावावर अनेक ज्वालामुखी आहेत. मध्य जावातील मेरापी पर्वत तर अजूनही जागा आहे. २०१० साली त्याचा मोठा स्फोट झाला आणि तीनशेहून अधिक माणसे मरण पावली. तरीही लोक त्याच्या पायथ्याचे गाव सोडत नाहीत. कारण ज्वालामुखीच्या राखेने माती सुपीक होते. डोंगरातून वाहत येणारे पाणी पाटांनी शेतात खेळवले जाते. त्यामुळे वर्षातून दोनदा, काही ठिकाणी तीनदा, भात पिकतो.

जावातील लोक खेड्याला 'देसा' म्हणतात. हा शब्द आपल्या 'देश' या शब्दावरूनच आला आहे. भाताच्या पाणथळ शेताला 'सावाह' असे नाव आहे. घराभोवती परसबाग असते. तिच्यात नारळ, केळी, फणस, पपई, बांबू, मिरची असे काय काय दाटीवाटीने लावलेले असते. एखादी शेळी, चार कोंबड्याही असतात. शेत नसले तरी परसबाग असली, तर घर अगदी उपाशी राहत नाही. रस्त्याच्या कोपऱ्यावर रात्रीच्या पहाऱ्याची लहानशी चौकी दिसते. तिथे लाकडाचा एक पोकळ ओंडका टांगलेला असतो. चोर आला, आग लागली, की तो बडवतात आणि सारे गाव जागे होते. गावातले पुरुष पाळीपाळीने हा पहारा देतात. कोणाला घर बांधायचे असेल तर शेजारी मदतीला येतात. घरमालक त्यांना मजुरी देत नाही, पोटभर जेवू घालतो. उद्या शेजाऱ्याचे काम निघाले की त्यालाही जावेच लागते.

आता जमिनीच्या मालकीकडे वळू. जावातील बहुतेक शेतकऱ्यांकडे अर्धा हेक्टर, म्हणजे सव्वा एकर जमीनसुद्धा नसते. पुष्कळांकडे तर मुळीच नसते. जमिनीच्या मालकी हक्काला तेथे 'हाक मिलिक' म्हणतात. वारसांना 'आहली वारिस' म्हणतात. उर्दूतील 'हक', 'मिल्कियत' आणि 'वारिस' हे शब्द तुम्हांला यात लगेच ओळखू येतील. पूर्वी बहुतेक गावकऱ्यांपाशी सरकारी दाखला नसे. गावाच्या कचेरीतील वहीत नाव असले आणि जमिनीचा कर भरल्याची पावती असली, की तेवढ्यावर ते स्वतःला मालक समजत. १९६० साली देशात जमिनीचा नवा कायदा झाला आणि प्रत्येक जमिनीची नोंद करून दाखला द्यायचे ठरले. ते काम फार हळूहळू चालले. २०१७ पासून मात्र सरकारने गावेच्या गावे मोजून दाखले देण्याचा सपाटा लावला. आणखी एक वेगळी रीत ऐका. गावाच्या मुखियाला आणि इतर कामगारांना पगाराऐवजी गावाची काही शेते कसायला देत. पद आहे तोवर शेत त्यांचे. पद गेले की शेत गावाचे. पुष्कळ ठिकाणी ही रीत अजून आहे.

बाप वारल्यावर मुलांत जमिनीची वाटणी होते. येथे दोन रिवाज आहेत. जावाच्या जुन्या रिवाजाप्रमाणे मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा मिळतो. दुसरा रिवाज शरीयतप्रमाणे आहे. त्यात मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक. जावातील लोकांनी त्यासाठी एक छान बोली तयार केली आहे: 'सपिकुल सगेंदोंगान'. पुरुष खांद्यावर कावड घेतो, तिला दोन ओझी असतात. बाई पाठीवर कापडात बांधून एकच ओझे नेते. हिशेब कोणालाही समजेल असा! कोणता रिवाज धरायचा, हे घरातली माणसे बसून ठरवतात. या सल्लामसलतीला ते 'मुशावाराह' म्हणतात. म्हणजे आपला 'मशवरा'च. पण वाटणी कशीही करा, सव्वा एकराचे चार तुकडे झाले की कोणाच्याच हाती फारसे उरत नाही.

ज्यांना जमीन नाही, त्यांचा वाटा सुगीत असे. भात कापायला गावातील बायका जमत. त्यांच्या हातात विळा नसे. तळहातात मावेल एवढे छोटेसे पाते असे. त्याला 'आनी-आनी' म्हणत. त्याने त्या एकेक लोंबी खुडत. देवी श्री ही भाताची देवता. मोठे हत्यार पाहून ती घाबरेल, अशी जुनी समजूत होती. कापलेल्या भातातला ठरावीक हिस्सा कापणाऱ्या बाईला मिळे. त्याचे प्रमाण गावागावांत वेगळे असे. जवळच्या नात्यातल्या बाईला अधिक मिळे. शेतात आलेल्या बाईला परत पाठवणे मालकाला कठीण जाई.

१९७० नंतर हे बदलले. बुटक्या जातीचे नवे भात आले. खते आली. धान्य वाढले. १९८४ साली इंडोनेशिया तांदळाच्या बाबतीत स्वावलंबी झाला. हे यश लहान नव्हते. पण नव्या भाताला विळा सोयीचा पडला. कित्येक मालक उभे पीकच व्यापाऱ्याला विकू लागले. व्यापारी आपले थोडे मजूर घेऊन येई आणि पीक कापून नेई. शेजारची बाई बांधावरून पाहत राही. गावात भात सडायच्या गिरण्या आल्या, तेव्हा उखळ-मुसळाचे कामही गेले. माझ्या मते, धान्य किती पिकले एवढे मोजून भागत नाही; ते कोणाच्या घरी गेले, हेही विचारावे लागते.

मग लोक गावाबाहेर निघाले. तसा प्रवास त्यांना नवा नव्हता. १९०५ साली डच सरकारने मध्य जावातील १५५ कुटुंबे सुमात्रा बेटावर नेऊन वसवली. त्याआधी, १८९० पासून, मजुरांच्या बोटी दक्षिण अमेरिकेतील सुरीनामपर्यंत गेल्या होत्या. आता लोक जकार्ताला जातात. वोनोगिरी हा कोरडा भाग. तेथील पुष्कळ लोक शहरात 'बाक्सो', म्हणजे मांसाच्या गोळ्यांचे सूप, विकतात. बायका वनौषधींच्या काढ्याच्या बाटल्या पाठीवर बांधून गल्लोगल्ली फिरतात. पाहा, बाईच्या पाठीवरचे ओझे शहरातही तसेच राहिले!

ईदला मात्र सारे गावी परततात. या प्रवासाला 'मुदिक' म्हणतात. आगगाड्या, बसगाड्या भरून जातात. मोटारसायकलवर नवरा, बायको, मूल आणि मागे बांधलेली बोचकी असे कुटुंब रात्रभर चालते. २०१८ अखेर जकार्ता ते सुराबाया हा रुंद महामार्ग जोडला गेला, तरी ईदच्या आधी गाड्यांच्या रांगा लागतातच. कोरोनामुळे २०२० आणि २०२१ साली सरकारने या प्रवासावर बंदी घातली, तेव्हा लोक फार हळहळले.

घरी पोहोचल्यावर मुले आईवडिलांपुढे गुडघे टेकून माफी मागतात. 'मोहोन माफ, लाहिर बातिन' असे म्हणतात. म्हणजे उघड आणि मनातल्या, दोन्ही चुकांची माफी. मग जेवणे होतात. भावंडे ओट्यावर बसतात आणि जमिनीची गोष्ट निघते. शहरातला भाऊ आपला तुकडा सहसा विकत नाही. गावातल्या भावाला तो कसायला देतो. पीक निम्मे-निम्मे ठरले तर त्याला 'मारो' म्हणतात. आपल्याकडे अशा शेतीला अर्धेली म्हणतात. सुट्टी संपली की शहरातला भाऊ बसमध्ये बसतो. त्याच्या पायाशी नव्या तांदळाची एक पिशवी असते.

शब्दार्थ : सुपीक – भरपूर पिकणारी. पाट – शेताला पाणी नेणारा लहान कालवा. सुगी – पीक कापणीचा हंगाम. लोंबी – भाताचे कणीस. कावड – दोन्ही टोकांना ओझे बांधलेली काठी. सडणे – मुसळाने कांडून धान्याचा कोंडा काढणे. बोचके – गाठोडे.

स्वाध्याय
१. मेरापीच्या पायथ्याचे लोक गाव का सोडत नाहीत?
२. 'सपिकुल सगेंदोंगान' या बोलीचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
३. विळा आल्यावर गावातील बायकांचे काय नुकसान झाले?
४. पाठात आलेले आणि उर्दूत असलेले शब्द शोधून लिहा.