पंपाची सवय लागेल का?

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा, दमा आहे. डॉक्टरांनी रोज पंप सांगितलाय. सासूबाई म्हणतात, सवय लागेल.

उत्तर : ताई, सवय लागत नाही. रोजच्या पंपातलं ब्यूडेसोनाइडसारखं औषध थेट श्वासनलिकेत जातं, म्हणून मात्रा मायक्रोग्रॅममध्ये पुरते. ते आतली सूज उतरवतं. खोकला थांबला म्हणून परस्पर बंद करू नका. पंप स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावूनच द्या, नंतर चूळ भरायला लावा. त्रास झाल्यावर द्यायच्या सॅल्ब्युटामॉलने तात्पुरता आराम पडतो, सूज तशीच राहते. ते वारंवार लागत असेल तर डॉक्टरांना भेटा. श्वास घेताना बरगड्यांमध्ये खळगे पडले, बोलताना धाप लागली, तर लगेच रुग्णालय गाठा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या काढ्यांवर विसंबू नका. कधी काय द्यायचं हे डॉक्टरांकडून मराठीत लिहून घ्या आणि एक प्रत शाळेतल्या बाईंना द्या.