येवल्याचे टोपे, बिठूरचे टोपे : घराण्याचा माग कसा काढायचा?



परिसर अभ्यासात कुटुंबाचा विषय आला की आपला गृहपाठ ठरलेला असतो. 'घराची वंशावळ लिहून आणा.' मीही बरीच वर्षं तोच देत होते. एकदा शाळा सुटल्यावर एक आई फाटकाशी थांबली. म्हणाली, "बाई, आम्हाला आजोबांच्या पुढचं कुणाचंच नाव माहीत नाही. पोरगं रात्री रडत बसलं, कोरा कागद कसा नेऊ म्हणून." त्याच वर्गात उत्तर प्रदेशातून आलेला एक मुलगा होता. त्याला बाकीची मुलं सरळ म्हणायची, "तू कुठं इथला आहेस?"

तेव्हा माझी चूक माझ्या लक्षात आली. ज्यांच्या घरी जुने कागद आहेत, त्यांचाच तक्ता भरत होता. बाकीच्यांना वाटत होतं की आपल्या घराला इतिहासच नाही. म्हणून आता मी पणजोबांच्या नावापासून सुरुवात करत नाही. "आपलं घर कुठून कुठं गेलं, आणि का?" या प्रश्नापासून करते. उदाहरण मात्र आपल्याच गावचं घेते, तात्या टोपे यांच्या घराचं.

येवला ते बिठूर

तात्यांचं पूर्ण नाव रामचंद्र पांडुरंग. घराणं येवल्याचं, म्हणून येवलेकर. मुलांना इथे थांबवून विचारा, या नावात काय लपलंय? गाव लपलंय. आडनावातला 'कर' हा घराण्याचा माग काढायचा पहिला धागा.

मग येवलेकरांचे टोपे कसे झाले? कुणी म्हणतं तोफखान्यावरून, कुणी म्हणतं बाजीरावाने दिलेल्या टोपीवरून. फळ्यावर मी दोन्ही लिहिते. खरं कोणतं ते सिद्ध झालेलं नाही, हेही मुलांना कळू द्यावं.

वडील पांडुरंगराव दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी होते. जून 1818 मध्ये बाजीरावाने जॉन माल्कमपुढे शरणागती पत्करली. वर्षाला आठ लाख रुपये तनखा ठरला आणि पुणे सोडून गंगाकाठी, कानपूरजवळच्या बिठूरला राहायचं ठरलं. आपले लोक त्याला ब्रह्मावर्त म्हणत. एकटा बाजीराव गेला नाही. कारकून, भिक्षुक, शिपाई, आचारी अशी कितीतरी मराठी कुटुंबं त्याच्यामागे गेली. त्यांत हे घर होतं. धनी हलला की चाकरीतली घरंही हलतात, हे स्थलांतराचं फार जुनं कारण.

एक कागद, तीन खुणा

एप्रिल 1859 मध्ये तात्या पकडले गेले, तेव्हा त्यांचा जबाब नोंदवला गेला. त्याच्या इंग्रजी प्रतीत त्यांच्या मूळ गावाचं नाव 'जोला' असं पडलं आहे. पुढे पाटोदा आणि नगर ही नावं येतात. स्वतः बिठूरचे रहिवासी आणि वय सुमारे पंचेचाळीस, असंही त्यात आहे. चौथीच्या मुलांना एवढ्यावर छान काम देता येतं.

पहिली खूण गावाची. 'जोला' नावाचं गाव शोधत बसलं तर हाती काही लागणार नाही. मोठ्याने म्हणून बघितलं की मुलंच ओरडतात, "येवला!" परक्या कानाने ऐकून लिहिलेलं नाव असं बदलतं.

दुसरी खूण जिल्ह्याची. पाटोदा म्हटलं की अनेकांना बीड जिल्ह्यातलं आठवतं. पण पाटोदा आपल्या येवला तालुक्यातही आहे. आणि नगर का? कारण नाशिक जिल्हा 1869 मध्ये झाला. त्याआधी येवला नगर जिल्ह्यात होता. गाव जागच्या जागी राहिलं, जिल्हा बदलला.

तिसरी खूण वयाची. 1859 मधून 45 वजा केले की 1814. तात्यांचं जन्मवर्ष म्हणून हेच साल सांगितलं जातं. पण जबाबात 'सुमारे' आहे, म्हणून सालापुढेही 'सुमारे' लिहायला लावते. 1818 साली ते जेमतेम चार वर्षांचे, म्हणजे आपल्या अंगणवाडीतल्या मुलाएवढे.

पुढे काय झालं?

बाजीराव 1851 मध्ये वारला. दत्तक मुलगा नानासाहेब यांना इंग्रजांनी तनखा नाकारला. 1857 मध्ये कानपूरला उठाव झाला आणि तात्या पुढे आले. काल्पी, मग जून 1858 मध्ये ग्वाल्हेर. त्याच वर्षाच्या अखेरीस ते नर्मदा ओलांडून मुलताईपर्यंत आले, पण येवल्याला पोहोचले नाहीत. नकाशावर हे बोट फिरवताना वर्ग एकदम शांत होतो. 18 एप्रिल 1859 रोजी शिवपुरीला फाशी झाल्याची नोंद आहे.

घराणं तिथे संपलं नाही. टोपे घराण्यातले लोक बिठूरला राहिले. याच घराण्यातले पराग टोपे यांनी 2010 मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यांच्या मते फाशी गेलेले तात्या नव्हतेच, ते आधीच लढताना पडले होते. तसं असेल तर तो जबाब कुणाचा, हाही प्रश्न उभा राहतो. मी दोन्ही बाजू सांगते आणि तक्त्यात त्या ठिकाणी प्रश्नचिन्ह काढायला लावते. इतक्या प्रसिद्ध घराच्या तक्त्यातही प्रश्नचिन्ह आहे, हे मुलांनी बघणं महत्त्वाचं.

वर्गात असं घ्या

1. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला तीन प्रश्न विचारायचे : तुमचा जन्म कुठला? इथे कधी आलात? का आलात?
2. आजीला नक्की विचारायचं. ती माहेरचं गाव सोडून आली, हेही स्थलांतरच. वंशावळीत नेमकं तिचंच गाव गळतं.
3. साल आठवत नसेल तर खुणेने लिहायचं. "बहात्तरच्या दुष्काळात" हे उत्तर चालतं.
4. माहीत नसेल तिथे प्रश्नचिन्ह. त्याचे गुण कापायचे नाहीत.
5. शेवटी सगळ्यांची गावं एकाच नकाशावर दोऱ्याने येवल्याला जोडायची.

पालकांना एक विनंती. घर सोडायचं कारण कर्ज, भांडण किंवा दुष्काळ असेल आणि सांगावंसं वाटत नसेल, तर सांगू नका. नुसतं गावाचं नाव द्या, तेवढं पुरे.

यंदा आमच्या नकाशावर ऊसतोडीला जाणाऱ्या घराचा दोरा होता, पैठणीच्या मागावर कामाला आलेल्या घराचा होता. बिठूर शोधायची वेळ आली तेव्हा वर्ग अडला. तो उत्तर प्रदेशातला मुलगा उठला आणि कानपूरवर बोट ठेवून म्हणाला, "मनमाडहून आमची गाडी इथूनच जाते." मग त्याने दोरा लावला. एक येवल्याहून तिकडे गेलेला, एक तिकडून येवल्याला आलेला, असे दोन दोरे शेजारी शेजारी दिसत होते. "तू कुठं इथला" हा प्रश्न त्यानंतर माझ्या वर्गात ऐकू आलेला नाही.

आणि कोरा कागद आणणाऱ्या त्या मुलाच्या धाकट्या बहिणीने यंदा तक्ता भरला. त्यात चार नावं, दोन गावं आणि तीन प्रश्नचिन्हं आहेत. भिंतीवर तोही लावलाय.

तुमच्या वर्गात करून बघा, आणि कुठून कुठपर्यंत दोरे गेले ते नक्की कळवा.