वाट पाहणे : एका शब्दाचा अभ्यास



दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये किंवा पालिका बाजारात आपण गेला असाल, तर काचेमागील व्हिडिओ गेमच्या पेट्यांकडे टक लावून उभी असलेली मुले आपण पाहिली असतील. ती वेळ दवडीत आहेत, असे आपल्याला वाटते. त्यांच्या उंचावलेल्या मानेकडे पाहून मला मात्र एक ग्रीक शब्द आठवतो.

रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातील 19 व्या वचनात सृष्टी वाट पाहत असल्याचे पौल सांगतो. तेथील शब्द ‘आपोकारादोकिया’. ‘कारा’ म्हणजे मस्तक. इतर सर्व गोष्टींवरून नजर काढून, मान पुढे करून एकाच दिशेस पाहणे, हा त्याचा भाव. नव्या करारात तो दोनदाच येतो. दुसऱ्यांदा फिलिप्पैकरांस पत्र 1:20 मध्ये. भाषांतरकाराला येथे घाम फुटतो. ‘प्रतीक्षा’ म्हटले तर माणूस स्वस्थ बसल्यासारखा वाटतो; ‘उत्कंठा’ म्हटले तर डोळे नाहीसे होतात. आपल्या साध्या ‘वाट पाहणे’ यात निदान वाट आहे आणि पाहणेही आहे.

आता या मुलांची वाट किती लांब, ते पाहा. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’चा पाचवा खेळ 17 सप्टेंबर 2013 रोजी आला. सहाव्याची पहिली झलक डिसेंबर 2023 मध्ये दाखविली गेली. प्रथम 2025 साल सांगण्यात आले, मग 26 मे 2026, आणि नंतर 19 नोव्हेंबर 2026. हबक्कूकाच्या दुसऱ्या अध्यायातही विलंब आहे. परंतु तेथे वचन देणारा कोण, यावर सारे अवलंबून आहे. कंपनीची तारीख हे वचन नव्हे, तो बेत असतो. मुलांना हा भेद समजावून सांगितला, तर त्यांची निराशा पुष्कळ कमी होईल.

उंचावलेली मान व्यापाऱ्याच्या फार उपयोगी पडते. प्लेस्टेशन 5 भारतात 2 फेब्रुवारी 2021 रोजी आले. तबकडी चालणाऱ्या यंत्राची किंमत 49,990 रुपये होती, तरी आगाऊ नोंदणी काही मिनिटांतच संपली. पुढे 2022 मध्ये ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक’ हा खेळ यंत्रासह एकाच पेटीत विकला गेला. अशी जोडविक्री वाईटच, असे मी म्हणणार नाही. ज्याला दोन्ही वस्तू घ्यायच्याच आहेत, त्याचे पैसे वाचू शकतात. पण दोहोंच्या सुट्या किमतींची बेरीज आधी कागदावर मांडावी. हप्त्याने घेणार असाल तर व्याजही. आणि पेटीवरील वयाचा आकडा वाचावा. पाचव्या खेळावर तो 18 होता, आणि तरीही कित्येक पालकांनी तो दहा वर्षांच्या मुलाच्या हाती दिला. तेथे दोष मुलाचा नव्हता.

यानंतर आपल्या मुलास एवढेच विचारा, की तू नेमकी कशाची वाट पाहत आहेस? नोएडातील एका मराठी घरी मी एकोणीस वर्षांच्या मुलास हे विचारले. खेळाविषयी तो फारसे बोललाच नाही. म्हणाला, “तो आला की पुण्याहून दादा आठ दिवसांची रजा काढून येणार आहे. आम्ही लहानपणी एकत्र खेळायचो.”

त्याची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. रजेची गोष्ट तिला ठाऊक नव्हती.