प्राणिसृष्टीची नामावली

वैनगंगेच्या काठी प्राणिशास्त्राचा पाठ आपल्याला उघड्यावरच वाचावयास मिळतो. पाठीचा कणा नसलेले ते अपृष्ठवंशी. ज्ञात प्राण्यांपैकी बहुसंख्य जाती यांच्याच. गांडूळ वलयी, शिंपल्यातील जीव मृदुकाय. आमच्या कोकणीतली ‘कुर्ली’ म्हणजे तुमचा खेकडा. नावे निराळी, तरी सांधेदार पायांवरून शास्त्र त्याला फुलपाखरासह संधिपादांतच बसविते.

कणा असलेल्या पृष्ठवंशींचे ठळक वर्ग पाच: कल्ल्यांनी श्वास घेणारे मासे; बालपणी कल्ल्यांनी व पुढे फुफ्फुसांनी श्वास घेणारा उभयचर बेडूक; कोरड्या, खवलेदार त्वचेचा सरपटणारा साप; धानाच्या बांध्यांतला पिसांचा सारस पक्षी; आणि पिलांना दूध पाजणारे सस्तन.

सस्तनांतच आपला बारशिंगा येतो. कठीण जमिनीवर वावरणारी त्याची उपजाती जगात केवळ कान्ह्याच्या वनात उरली, आणि १९७० साली तिचे अवघे ६६ प्राणी मोजले गेले. कुरणे राखून व कुंपणात जपणूक करून ती वाचली. २०१५ साली काही बारशिंगे सातपुड्याच्या वनातही नेण्यात आले. वर्गांची नावे आपण पाठ करतोच. परंतु या नामावलीतून एखादा जीव कायमचा गेला, तर कोणत्याही शास्त्राला तो परत आणता येत नाही, हेही ध्यानी ठेवावे.